चाकाचा नट किती आवळायचा? गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीला नागपूर, सुट्टीत जगदलपूर, मध्येच एखाद्या लग्नासाठी भंडारा. रायपूरच्या मराठी घरांतल्या गाड्या वर्षभर राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि ३० वर धावत असतात. निघण्याआधी टायरमधली हवा, इंजिन ऑइल, कूलंट आवर्जून बघितलं जातं. चाकाच्या नटांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पंक्चर काढणाऱ्याने ते जोर लावून आवळलेत, एवढ्यावर सगळे समाधानी असतात. खरं तर तो जोर किती असावा, हे प्रत्येक गाडीसाठी आकड्यात ठरलेलं असतं. त्याविषयीचे नेहमीचे गैरसमज आधी दूर करू.

गैरसमज १ : गाडीचं वजन चाकाच्या बोल्टांवर टांगलेलं असतं.

वस्तुस्थिती : नटाचं काम चाकाला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, दाबून धरण्याचं आहे. नट आवळला की स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो बोल्ट, किंचित ताणला जातो, फार तर केसाच्या जाडीइतका. ताणलेल्या स्प्रिंगसारखा तो मूळ लांबीवर यायला बघतो आणि चाकाला हबवर आवळून धरतो. १२ मिलिमीटर जाडीच्या कोरड्या स्टडवर १०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, दिला, तर एकेक नट सुमारे ४ टनांचा दाब देतो. चार नटांचे झाले सोळा टन. या दाबामुळे चाक आणि हब यांच्यात जे घर्षण तयार होतं, मुख्यतः तेच वजन, ब्रेक आणि वळणांचा जोर पेलतं. दाब कमी पडला की चाक हबवर सूक्ष्म सरकू लागतं. असं आडवं सरकणं नटाला आपोआप सैल करतं, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली प्रयोगांनी दाखवून दिलं.

गैरसमज २ : जितका घट्ट, तितका सुरक्षित.

वस्तुस्थिती : पोलादाच्या ताणाला मर्यादा असते. ती ओलांडली की स्टड कायमचा लांबतो, आटे खराब होतात आणि पकड वाढायच्या ऐवजी घटते. असा स्टड पुढे कधीतरी तुटू शकतो. नट कमीजास्त आवळले गेले, तर ब्रेकची डिस्क वाकडी बसते आणि ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरतं. शिवाय केशकाल घाटात रात्री पंक्चर झालं, तर तोच नट घरच्या पान्याने सुटत नाही.

गैरसमज ३ : पान्यावर उभं राहून दाबलं की काम चोख होतं.

वस्तुस्थिती : टॉर्क म्हणजे जोर गुणिले पान्याची लांबी. एक फुटी पान्याच्या टोकाला ३४ किलोंचा भार दिला, तरी १०० न्यूटन-मीटर होतात. साठ किलोंचा माणूस त्यावर उभा राहिला, तर १७५ च्या वर. उडी मारली, तर त्याहून कितीतरी जास्त. पान्याला पाइप जोडला की लांबी वाढते आणि अंदाज उरतच नाही.

गैरसमज ४ : हवेच्या गनने आवळलं म्हणजे मोजूनच आवळलं.

वस्तुस्थिती : साधी इम्पॅक्ट गन टॉर्क मोजत नाही. कंप्रेसरचा दाब, नळीची लांबी, ट्रिगर किती वेळ दाबला, यावर तिचा जोर बदलतो. नट भराभर बसवायला ती उत्तम. शेवटचं आवळणं मात्र टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरवलेला टॉर्क झाला की 'कट' वाजणाऱ्या पान्यानेच, व्हायला हवं.

गैरसमज ५ : आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावलेलं बरं.

वस्तुस्थिती : पावसाळ्यात नट गंजून बसतात, म्हणून हा सल्ला सर्रास दिला जातो. पण मॅन्युअलमधला आकडा बहुतेक गाड्यांत कोरड्या आट्यांसाठी असतो. आपण लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच स्टड ताणायला लागतो, बाकीचा घर्षणात जातो. ऑइलने घर्षण घटलं की त्याच आकड्यावर ताण एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही जास्त वाढू शकतो. गंज वायर ब्रशने काढावा. हब आणि चाक जिथे एकमेकांना टेकतात, तिथली माती आणि गंजाची खपलीही घासून काढावी. ती मध्ये राहिली, तर काही किलोमीटरमध्ये दबते आणि नट सैल पडतो.

गैरसमज ६ : सगळ्या गाड्यांना एकच आकडा चालतो, नटही कुठलाही चालतो.

वस्तुस्थिती : मारुती सुझुकीच्या छोट्या गाड्यांना मॉडेलप्रमाणे ८५ किंवा १०० न्यूटन-मीटर, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना १०३, होंडाच्या कारना १०८, फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक गाड्यांना १२०. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्येच बघावा. तो किलोग्रॅम-मीटरमध्ये दिला असेल, तर त्याला ९.८ ने गुणावं. नटाची बैठकही वेगवेगळी असते : कुठे शंकूसारखी उतरती, कुठे गोलाकार, कुठे सपाट वॉशरची. बाहेरून अलॉय व्हील बसवताना जुनेच नट वापरले आणि बैठक जुळली नाही, तर आकडा बरोबर असूनही पकड फसवी ठरते.

गैरसमज ७ : टॉर्क रेंच लावला, 'कट' वाजलं, म्हणजे सगळं ठीक.

वस्तुस्थिती : नट सैल नाही, एवढंच त्यातून कळतं. तो दुप्पट आवळलेला असला, तरी रेंच तसाच वाजेल. गनने आधीच पिळलेला नट तपासायचा, तर तो सैल करून नव्याने मोजून आवळावा लागतो.

मग योग्य पद्धत कोणती? नट आधी हातानेच फिरवून आटे धरले आहेत ना, हे बघावं. चाक हवेत असताना पान्याने ते हलके टेकवावेत, मग जॅक उतरवून चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क रेंच लावावा. शेजारशेजारचे नट ओळीने आवळू नयेत. एक झाला की समोरचा घ्यावा. पाच नट असतील, तर चांदणी काढावी तसा क्रम ठेवावा. 'कट' वाजलं की थांबावं. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर झाले की पुन्हा एकदा तपासावं, अलॉय व्हील असतील तर नक्कीच. हे तपासणं चाक थंड असतानाच करावं. मे महिन्याच्या उन्हात लांबून आल्याआल्या, ब्रेक तापलेले असताना केलेलं मोजमाप भरवशाचं नसतं. काम संपल्यावर रेंच सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवावा आणि नट सोडवायला तो कधीही वापरू नये.

अर्ध्या इंची चौकोनाचा साधा टॉर्क रेंच दोन-तीन हजारांत मिळतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. सोसायटीत चार घरांनी मिळून एक घेतला, तरी पुरतो. पुढच्या वेळी टाटीबंधला किंवा रिंग रोडवर चाक उतरवलं, तर मिस्त्रीला आपल्या गाडीचा आकडा सांगा, शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने करायला लावा आणि ते संपेपर्यंत तिथेच उभे राहा. पाच मिनिटांचं हे काम आहे. त्यावर गाडीतल्या सगळ्यांचा जीव अवलंबून असतो.