ट्रान्स्फर केस ओरडतेय? आधी कान लावा, मग पाना

निरगुडसर-पारगाव पट्ट्यातल्या काळ्या रानात पावसाळ्यात फोर बाय फोरशिवाय गाडी हलत नाही. मात्र शेतातून डांबरीवर आल्यावर लिव्हर पुन्हा टू-व्हीलवर घ्यायलाच हवा. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मधे डिफरन्शिअल नसलेल्या जुन्या जीपमध्ये त्या फरकाचा सगळा ताण ट्रान्स्फर केसवर येतो, लिव्हर अडकतो. चारही टायर सारख्या मापाचे नसले तरी तेच.

आवाज नेमका कुठला? गाडी उभी करून हँडब्रेक लावा, ट्रान्स्फर न्यूट्रल ठेवा आणि गिअर टाकून क्लच सोडा. तरीही घरघर आली, तर गिअरबॉक्स किंवा ट्रान्स्फरची आतली बाजू संशयित. फक्त धावताना आली, तर प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि डिफरन्शिअल आधी बघा. चाल देताना किंवा सोडताना ‘टक्’ वाजलं, तर बहुधा क्रॉसच सैल.

महिंद्राने जुळवलेल्या विलीज घराण्यातल्या जीपमध्ये ट्रान्स्फरच्या मधल्या गिअरचा शाफ्ट आणि त्यावरच्या निडल बेअरिंग झिजतात, हे जुनं दुखणं. ड्रेन प्लग काढून ऑइल बोटांत चोळा. बारीक करडी पेस्ट चालते, चमकणारे कण किंवा तुकडे निघाले तर केस उघडायलाच हवी. नुसती बेअरिंग बदलून शाफ्ट जुनाच ठेवला, तर खर्च वाया जातो. जोडताना मागच्या टोपीखालच्या शिम मोजून आउटपुट शाफ्टची ढिलाई जुळवा आणि गळकं सील त्याच वेळी बदला.