ट्रकच्या पाठीला कान

दिवाळीच्या सुमारास आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू होतो आणि उसाचे ट्रक रात्रंदिवस रस्त्यावर दिसू लागतात. ट्रक पुढे चालवणे कौशल्याचे खरे, पण मागे घेणे जोखमीचे. आरसे दोन्ही बाजू दाखवतात, पाठ दाखवीत नाहीत. मग क्लीनर ओरडतो, 'येऊ दे, येऊ दे... बास!' पण फडात अंधार असतो, ऊसतोड मजुरांची पोरेबाळे तिथेच वावरत असतात, आणि इंजिनाच्या घरघरीत हाक विरून जाते. अशा वेळी उपयोगी पडणारे एक लहानसे उपकरण म्हणजे पार्किंग सेन्सर. 2019 च्या जुलैपासून आपल्या देशात नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले. जुन्या ट्रकला मात्र ते मालकालाच बसवून घ्यावे लागते.

हे यंत्र करते तरी काय? विहिरीत हाक मारली की ती परत ऐकू येते, हे आपणांस ठाऊक आहे. सेन्सरही हाकच मारतो, पण ती आपल्या कानांना ऐकू न येणारी, सेकंदाला सुमारे 40 हजार कंपनांची. किडे खाणारी वटवाघळे अंधारात याच युक्तीने वाट काढतात. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. भिंत 170 सेंटिमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन 340 सेंटिमीटर, म्हणजे एका सेकंदाचा शंभरावा भाग! तेवढ्या वेळावरून यंत्र अंतर काढते आणि भोंगा वाजवते. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे.

आता निवड. पहिली गोष्ट विजेची. मोठ्या ट्रकला बहुधा 24 व्होल्टचा पुरवठा असतो, मोटारीला 12 चा. मोटारीचा संच स्वस्त मिळाला म्हणून ट्रकला जोडाल, तर तो जळून जाईल. दुसरी गोष्ट वायरची. केबिनपासून शेपटापर्यंत पुरेल इतकी लांब वायर संचात आहे का, ते पाहा. तिसरी, सेन्सर पाण्याला व चिखलाला दाद न देणारे असावेत. आणि भोंगा असा हवा, की इंजिन चालू असताना केबिनमध्ये स्पष्ट ऐकू येईल.

बसवताना चाकांना दगड लावा आणि बॅटरीची वायर सोडवा. मागच्या बंपरवर चार सेन्सर सारख्या अंतराने, जमिनीपासून साधारण 50 ते 70 सेंटिमीटर उंचीवर घ्या. फार खाली बसवले, तर जमिनीचाच प्रतिध्वनी येऊन भोंगा उगाच वाजेल. फार वर बसवले, तर ठेंगणा दगड सुटेल. सेन्सरवर वरच्या बाजूची खूण असते, ती वरच ठेवा. वायर नळीत घालून चॅसीला बांधा, सायलेन्सर आणि फिरत्या शाफ्टपासून दूर. वीज रिव्हर्सच्या दिव्यातून फ्यूज घालून घ्या, म्हणजे रिव्हर्स गिअर पडताच यंत्र जागे होईल. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावे. शेवटी ट्रक जागेवरच ठेवून, मागे फळी धरून टेपने अंतर ताडून पाहा.

पण एवढ्याने निर्धास्त होऊ नका. सेन्सर बंपरपासून अंतर मोजतो, बाहेर लोंबणाऱ्या उसाच्या शेंड्यापासून नव्हे. भोंगा 'अजून मीटरभर जागा आहे' म्हणत असताना शेंडे भिंतीला टेकलेले असतील. लोंबते वाढे सेन्सरच्या तोंडाशी आले, तर तो त्यालाच अडथळा समजेल. बारीक खांब आणि अंगावरचे मऊ कापड यांचा प्रतिध्वनी क्षीण येतो. चिखलाने तोंड बुजले, की कान बहिरा झालाच म्हणून समजा. तेव्हा रोज फडक्याने पुसा.

वेगाचाही विचार करा. ताशी 5 किलोमीटरने मागे येणारा ट्रक सेकंदाला सुमारे 1.4 मीटर सरकतो. सेन्सरला 2 मीटरवर चाहूल लागली, तर चालकाला दीड सेकंदही मिळत नाही. म्हणून गाडी मुंगीच्या पावलांनीच मागे घ्यावी.

आणि क्लीनरला सुट्टी देऊ नये. त्याने ट्रकच्या मागे नव्हे, तर बाजूला, चालकाला आरशात दिसेल असे उभे राहावे. तो दिसेनासा झाला, की ब्रेक लावावा. मागे कोणी पोर निजले आहे का, हे गिअर टाकण्यापूर्वी खाली उतरून पाहावे. यंत्राचा कान जोडीला घ्या, पण माणसाचा डोळा मिटू नका.