कागद चिवडता येत नाही

कागद चुरगळतो, केळं कुस्करतं, लसूण ठेचला जातो. आता यांच्या जागा बदलून बघा. कागद ठेचला, लसूण चुरगळला. कानाला लगेच खुपतं. असं म्हणू नये हे शाळेत कुणी शिकवलेलं नसतं, व्याकरणाच्या पुस्तकातही त्याचा धडा नसतो. तरी प्रत्येक क्रियापद आपापली वस्तू बरोब्बर हेरून बसलेलं असतं.

या बिरादरीतलं माझं लाडकं क्रियापद म्हणजे चिवडणे. त्याला काहीतरी सुटं-सुटं, ढिगानं असलेलं लागतं. भात सगळ्यात उत्तम. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडीही चालते. अख्खा कागद त्याच्या काही कामाचा नाही.

हाताच्या इतर गचाळ कामांपासून चिवडणं वेगळं कसं, ते बघण्यासारखं आहे. धसमुसळा माणूस भांडी आदळतो, कारण त्याचा जोर जास्त. वेंधळ्याच्या हातून पेला निसटतो, कारण त्याचं लक्ष कमी. चिवडणाऱ्याच्या हातून काही पडत नाही, फुटत नाही. उलट त्याची बोटं फार नाजूक चालतात. कढीपत्त्याचं पान ताटाच्या कडेला, मिरचीचा तुकडा त्याच्याशेजारी, एक शेंगदाणा उचलून पुन्हा भातात, भाताचा छोटा डोंगर, मग त्याला मधोमध खड्डा. अशी कारागिरी चालू असताना स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘‘चिवडत काय बसलायस? जेव मुकाट!’’

आता कोकणातली किंवा गोव्यातली एखादी आजी डोळ्यांसमोर आणा. नातवाच्या भातात तिनं बांगड्याचा तुकडा कालवलाय. बोटांनी ती भात हळूच दाबते, पसरते, पुन्हा गोळा करते. मध्येच थांबते, चिमटीत काहीतरी धरते आणि केसाएवढा काटा ताटाबाहेर टाकते. नातवाची बोटं करतात तेच तिचीही करताहेत. नुसत्या बोटांचं चित्रीकरण करून दाखवलं तर कोणती आजीची आणि कोणती नातवाची, हे हालचालीवरून ओळखणं कठीण जाईल. पण आजी भात चिवडतेय, असं कुणी म्हणणार नाही.

त्या काट्यामागे केवढी यंत्रणा आहे! रोलंड योहान्सन आणि ओके वालबो या स्वीडनमधल्या संशोधकांनी १९७९ साली अंदाज मांडला, की एका हाताच्या तळव्याच्या आणि बोटांच्या आतल्या बाजूच्या त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० मज्जातंतू येऊन पोचतात. त्यांची सगळ्यात दाट वस्ती बोटांच्या टोकांना. म्हणून डोळ्याला न दिसलेला काटा बोटाला सापडतो. चिवडणाऱ्याकडेही हा सगळा सरंजाम असतोच, फक्त त्याला काही शोधायचं नसतं.

चार्ल्स फिलमोर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाचा १९७० सालचा एक निबंध गाजलेला आहे, मारणे आणि फोडणे या अर्थाच्या क्रियापदांवरचा. ‘काच फोडली’ म्हटलं की काचेचं काय झालं ते कळतं. ‘काचेवर काठी मारली’ म्हटल्यानं नुसती काठी लागल्याचं कळतं, काच शाबूतही असेल. चिवडणं या दोहोंच्या पलीकडचं काहीतरी सांगतं. बोटं कशी हलली ते थोडंफार, भाताचं काय झालं तेही थोडंफार, आणि बघणाऱ्याचं मत मात्र पुरेपूर.

म्हणूनच हे क्रियापद कुणी स्वतःला सहसा लावत नाही. ‘मी भात चिवडतोय’ असं सरळपणे सांगणारा माणूस विरळाच. ते दुसऱ्यावर टाकायचं, आणि शक्यतो ‘बसणे’ किंवा ‘नको’ जोडून. त्याला शेवटही नसतो. भात खाऊन संपतो, चिवडून संपत नाही. चिवडून तो फक्त वाया जातो. (फराळाच्या चिवड्याला मात्र यात ओढू नये. त्याचं कूळ संस्कृतातल्या चिपिटकाचं, म्हणजे चपट्या केलेल्या तांदळाचं. नेपाळीतला चिउरा आणि बंगालीतले चिंडे हे त्याचे सख्खे भाऊबंद.)

ताटावरून हा शब्द गप्पांमध्येही गेला. एखादा विषय आपण चघळतो, उगाळतो, उकरून काढतो आणि चिवडतोही. चघळण्यात निदान चव मिळते. उगाळलं तर सहाणेवर थोडं गंध उतरतं. उकरलं तर पुरलेलं काहीतरी वर येतं. चिवडून काय मिळतं? फोनवर तासभर तेच ते लग्नातलं मानपान चिवडणाऱ्यांना विचारून बघा.

एकाच वागण्याचं नाव माणसागणिक कसं बदलतं, याची बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीवर क्रियापद चालवल्यासारखी थट्टा केली होती: तीच गोष्ट मी केली की सद्गुण, तू केलीस की खोड, त्यानं केली की मूर्खपणा. मराठीला त्यासाठी एक अक्षर बदललं तरी पुरतं. मंडईत गिऱ्हाईक मान खाली घालून भेंडी निवडत असतं आणि भाजीवाली म्हणते, ‘‘ओ ताई, चिवडू नका माल!’’ दोघीही आपापल्या जागी खऱ्या. तीच भाजीवाली पहाटे घाऊक बाजारात अडत्याच्या ढिगात हात घालते, तेव्हा ती अर्थातच निवडत असते, आणि ओरडत असतो तो अडत्या.