पोषण आहारातले अंडे कोणाला खुपते?

शाळेतल्या मुलांच्या आरोग्याचा विषय निघाला की शिक्षण खात्याला योगासने आठवतात, प्रभातफेरी आठवते, हात धुण्याचे फलक आठवतात. त्याला आमचा विरोध नाही. पण जे लेकरू सकाळी कोरा चहा पिऊन शाळेत येते त्याचे आरोग्य ताटापासून सुरू होते. आणि ताटाचा विषय आला की या व्यवस्थेला जात आठवते.

शाळेतले जेवण ही कुणाची मेहेरबानी नाही. १९२० साली मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातील शाळेत मुलांना खाऊ घालायला सुरुवात केली, ती ब्राह्मणेतर जस्टिस पक्षाचे पी. त्यागराय चेट्टी यांच्या पुढाकाराने. देशव्यापी योजना यायला १९९५ उजाडले. तेव्हाही बहुतेक राज्ये कोरडे धान्य वाटून मोकळी झाली. अखेर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेलेच जेवण द्या म्हणून बजावले. पुढे २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या, असेही स्पष्ट सांगितले. हा आदेश आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेच्या हातचे जेवायला सवर्ण मुलांनी नकार दिला, तेव्हा नेमणूक रद्द झाली ती त्या बाईचीच. घरून आलेले विष शाळेने उतरवायचे; इथे शाळाच वाकली.

आता अंड्याचे पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा सरकारचाच निकष आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, म्हणजे निम्मे काम तिथेच झाले. शिवाय अंड्यात पाणी घालता येत नाही, डाळीत घालता येते! नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरवले. लगेच धर्माच्या नावाने ओरड सुरू झाली. वास्तविक जो खात नाही त्याला केळे देण्याची सोय होती. तरीही दुसऱ्याच्या ताटातले अंडे खुपले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठी स्वतंत्र निधी देणे थांबवले आणि शाळांना लोकसहभागाचा रस्ता दाखवला. जिथले पालक दिवसभर विटा वाहतात त्या वस्तीत लोकसहभाग कोण देणार?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगते की देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. त्यावर उपाय म्हणून शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात. चांगलेच आहे. पण ही गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळते, पोट दुखते. मग मुली ती खिडकीबाहेर टाकतात आणि गुरुजी वहीत ‘दिली’ असे लिहितात. दोष मुलींचा नव्हे. आधी पोटभर जेवण, मग गोळी, एवढी साधी गोष्ट आहे. जंतनाशक गोळ्या, डॉक्टरांची वार्षिक तपासणी यांचेही असेच: कागद भरतो, पण चिठ्ठी मिळालेल्या मुलाला जिल्हा रुग्णालयात नेण्यासाठी एक दिवसाची मजुरी कोण बुडवणार, हे कोणी विचारत नाही.

हे विचारण्याची जागा आपल्या हातात आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. बऱ्याच गावांत आपल्या बायाबापड्यांच्या नुसत्या सह्या घेतल्या जातात. त्यांना बैठकीला बसवा. मुले एकाच पंगतीत बसतात का, पाणी सगळ्यांना एकाच माठातून मिळते का, मुलींच्या संडासाला कडी आहे का, हे डोळ्यांनी पाहून या. चव घेतल्याची नोंदवही मागा. आणि चुलीपुढे बसणारी बाई कोणत्या समाजाची आहे, तिचे मानधन किती महिन्यांचे थकले आहे, हेही तिलाच विचारा. केंद्राने २००९ साली ते महिना १,००० रुपये ठरवले होते, तेही वर्षातले १० महिनेच.