बंगळुरूचा हिवाळा आणि घरातील नवे माणूस

बंगळुरूत हिवाळा पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच निघून जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात ईशान्य मोसमी पाऊस नोव्हेंबरअखेरपर्यंत, कधी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतही रेंगाळतो. आणि फेब्रुवारी सरता सरता ऊन तापू लागते. मधले दहा-बारा आठवडे तेवढे कोरडे आणि थंड. पहाटे पारा १५-१६ अंशांपर्यंत उतरतो. १३ जानेवारी १८८४ रोजी तो ७.८ अंशांवर गेल्याची नोंद आहे. तरीही निफाडची थंडी सोसलेल्या माणसाला येथील कानटोप्या पाहून हसूच येते.

या मोजक्या आठवड्यांवर दावे मात्र अनेकांचे. पावसाळाभर ओल धरलेल्या भिंती आता वाळलेल्या असतात, त्यामुळे रंगारी आणि सुतार यांना बोलावण्याचा काळ हाच. नंदी डोंगराचा चढ सायकलने चढणाऱ्यांचा, रामनगर-सावनदुर्गच्या कातळांवर हात आजमावणाऱ्यांचा, तळ्याकाठी दुर्बीण लावून उभे राहणाऱ्यांचा हंगामही हाच. आणि ज्या घरात गेल्या पावसाळ्यात पाळणा हलला, तेथे या साऱ्या दाव्यांवर मात करणारा एक दावेदार आधीच हजर असतो.

शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून मराठी माणसाचा या शहराशी संबंध आहे. आज नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या पुण्या-नाशिकच्या, कोल्हापूर-बेळगावच्या तरुण जोडप्यांची अडचण मात्र निराळी आहे. बाळंतपण माहेरी झाले तरी चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ-बाळंतीण बंगळुरूला परततात. सोबत आजी येते, पण तिचाही मुक्काम ठरावीक दिवसांचा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी १२ वरून २६ आठवड्यांची झाली. जुलैच्या मध्यात सुरू झालेली रजा जानेवारीच्या मध्यात संपते, म्हणजे ऐन हिवाळ्यात. वडिलांच्या बाबतीत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खाजगी नोकरीत ती आस्थापनेच्या धोरणावर अवलंबून. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता यावे, असेही हाच कायदा सांगतो. मातांनी ही चौकशी रजेवर असतानाच करून ठेवावी.

या हिवाळ्यात घराची कोणती कामे काढावीत? याचे उत्तर घराकडे पाहून नव्हे, बाळाकडे पाहून द्यावे. जुलैत जन्मलेले मूल फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास रांगू लागते. तेव्हा त्याआधी जे झालेच पाहिजे ते आता करावे: खालच्या उंचीवरील विजेची सॉकेट्स झाकणे, उंच कपाटे आणि पुस्तकांची मांडणी भिंतीला पक्की करणे, बाल्कनीच्या गजांतील अंतर तपासणे, खिडक्यांना डासांच्या जाळ्या लावणे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हे दुपारी झोपणाऱ्या बाळाच्या संदर्भात विशेष लक्षात ठेवावे. स्वयंपाकघराचे नूतनीकरण, नवे फॉल्स सीलिंग, दिवाणखान्याचा सोफा ही कामे पुढल्या डिसेंबरपर्यंत थांबू शकतात. बाळाच्या खोलीला रंग द्यावा ही हौस समजण्यासारखी आहे. मात्र ती खोली आई-वडिलांना हवी असते, बाळाला नव्हे.

रंगकामाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. याचा अर्थ असा, की त्यापूर्वी रंगविलेल्या घराच्या दारांवर, खिडक्यांवर व गजांवर असलेल्या तैलरंगाच्या जुन्या थरांत शिसे असण्याची शक्यता आहे. रंगारी नवा हात देण्यापूर्वी पॉलिश पेपरने जुना रंग घासतो, तेव्हा उडणारी बारीक धूळ फरशीवर बसते. रांगणाऱ्या मुलाचे हात फरशीवर आणि तेच हात तोंडात. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मुलाचे शरीर चार ते पाचपट अधिक शोषून घेऊ शकते आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. त्याची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा आजवर आढळलेली नाही.

म्हणून जुना रंग कोरडा घासू देऊ नये. पृष्ठभाग ओला करून घासावा आणि नंतर झाडू न मारता फरशी ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसावी. भिंतींसाठी पाण्यात मिसळणारा इमल्शन रंग निवडावा. तोही वाळताना वास सोडतोच, तेव्हा काम चालू असताना आणि पुढे आठवडाभर तरी बाळाला त्या खोलीत निजवू नये. माहेरचा मुक्काम लांबवून तेवढ्यात रंगकाम उरकणारी जोडपी शहाणीच म्हणायची. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तर हा प्रश्न सोडूनच देता येईल. बंगळुरूत घर सोडताना रंगकामापोटी अनामत रकमेतून महिन्याभराचे भाडे कापून घेण्याचा रिवाज आहे. मग मध्येच पदरमोड कशाला?

स्वतःच्या घरासाठी कर्ज काढावयाचे झाल्यास क्रेडिट कार्ड किंवा वैयक्तिक कर्जापूर्वी गृहसुधारणा कर्जाची चौकशी शाखेत करावी. व्याजदर बहुधा कमी पडतो. शिवाय जुनी करप्रणाली स्वीकारणाऱ्यांना राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. मात्र आईने काही महिने बिनपगारी रजा वाढविण्याचे ठरविले असेल, तर हप्ता एकाच पगारातून झेपेल का, हे आधी पाहावे.

थंडीच्या दिवसांत आजीबाईंच्या शेक-शेगडीचाही विषय निघतो. तेलमालीश जरूर करावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कटाक्षाने टाळावी, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅस गीझर असलेल्या हवाबंद न्हाणीघराची गोष्टही तीच. हे सांगताना आजीचा मान राखला जावा, इतकेच.

आता छंदांकडे वळू. बहुतेक घरांत असे घडते, की बाबांची रविवारची सायकल महिन्याभरात पुन्हा रस्त्यावर येते आणि आईची दुर्बीण कपाटातच राहते. ही वाटणी कोणी मुद्दाम केलेली नसते, म्हणूनच ती बदलण्यासाठी मुद्दाम बोलावे लागते. एक रविवार आईचा, एक बाबांचा, असे दिनदर्शिकेवर लिहून टाकलेले बरे; पहिला रविवार आईचा. जो घरी राहील त्याने तक्रारीचे फोन करू नयेत, ही पोटअट.

छंदाचा आकारही वर्षभर लहान करावा लागतो. नंदी डोंगर शहरापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आणि १,४७८ मीटर उंच. सूर्योदय गाठायचा तर पहाटे चारला निघावे लागते. रात्री तीनदा उठलेल्या माणसाने अंधारात महामार्गावर वाहन चालवणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. त्याऐवजी जक्कूर किंवा पुट्टेनहळ्ळीच्या तळ्यावर सकाळी दीड तास घालवला, तरी पुष्कळ पदरी पडते. थापट्या बदके आणि धोबी पक्षी हिवाळ्यात दूरच्या उत्तरेतून आलेले असतात. त्यांना पाहण्यासाठी डोंगर चढावा लागत नाही. लालबागेतील प्रजासत्ताकदिनाचे पुष्पप्रदर्शन तान्ह्या मुलासाठी फार गर्दीचे. एरवीच्या दिवशी सकाळी नऊनंतर, कोवळ्या उन्हात, बाळाला झोळीत घेऊन तेथे खुशाल फिरावे. कब्बन पार्कच्या आसपास टॅबेबुयाचा गुलाबी बहर याच सुमारास असतो. एक गोष्ट दुचाकीस्वारांसाठी: २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा पट्टा आवश्यक आहे, नऊ महिन्यांपुढे हेल्मेटही, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंतच. त्याहून लहान बाळाला दुचाकीवर नेऊच नये.

हिवाळ्यातले एक कार्य मात्र पुढे ढकलता येत नाही, ते म्हणजे बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही, काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून बाळाला पाटावर बसवायचे. शेजारच्या कन्नड घरातून एळ्ळू-बेल्ला, म्हणजे तीळ, गूळ, खोबरे आणि शेंगदाण्यांचे मिश्रण येते. तेलुगू शेजारीण भोगीला आपल्या नातवंडाच्या डोक्यावर बोरे ओतते, तिला तर हा सोहळा समजावूनही सांगावा लागत नाही. बोरे, हलवा, शेंगदाणे हे सारे बाळाच्या घशात अडकू शकणारे जिन्नस आहेत. तेव्हा डोक्यावर ओतावे ते चुरमुरे आणि बत्तासे, आणि तेही मोठ्या मुलांनी लगेच वेचून न्यावेत. रथसप्तमी झाली की आजीचे उद्यान एक्स्प्रेसचे तिकीट असते, आईचे कार्यालय सुरू झालेले असते, आणि बाल्कनीत रंगाचे दोन न उघडलेले डबे पुढल्या डिसेंबरची वाट पाहत असतात.