अंगठा जरा थांबवा!

पूर्वी छायाचित्रे बघणे हा एक लहानसा समारंभच असे. कुणाकडे गेले की चहापोह्यांपाठोपाठ अल्बम पुढे यायचा. पानापानांमधला पातळ कागद हलकेच उचलून 'हे आमचे मेहुणे, ही धाकटी वन्सं' अशी ओळख करून दिली जायची. कंटाळा आला तरी पाहुणा प्रत्येक चित्रापाशी थांबायचा. आता देशोदेशीच्या उत्तम छायाचित्रकारांचे काम खिशातल्या फोनवर बसल्या जागी बघायला मिळते, आणि आपण नेमके थांबायचेच विसरलो आहोत! पहिला घास घेण्याआधीच कुणी पान उचलून न्यावे, तसा आपला अंगठा चित्रे पुढे ढकलत असतो.

मीही त्यातलाच. घरातला 'फोटोग्राफर' म्हणून तीस वर्षे मिरवलो, पण दुसऱ्याचे चित्र बघायला मला शिकवले ते माझ्या मुलीने. एका संध्याकाळी तिने फोन पुढे केला आणि म्हणाली, "बाबा, नुसतं बघू नका हं, खालचं वाचासुद्धा."

ते होते 'पारी', म्हणजे ग्रामीण भारताच्या जीवनाचे महाजालावरचे भांडार. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते २०१४ साली सुरू केले आणि ते मराठीतही वाचता येते. साईनाथांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत कष्टकरी स्त्रियांची छायाचित्रे घेतली. काम डोळ्यांना दिसते, पण ते करणारी बाई दिसत नाही, हे त्या प्रदर्शनाचे सूत्र. त्यातले एक चित्र आंध्रातल्या विजयनगरमचे. ताडाच्या झाडांमधून शेताकडे निघालेल्या बायका, एवढेच. पण खालचा मजकूर वाचला आणि मी चपापलो. भूमिहीन मजुरांचा दिवस टिपायचा म्हणून छायाचित्रकार सकाळी सातच्या आधी तिथे पोचला, तरी त्याला उशीरच झाला होता. बायकांचे तीन तासांचे काम तोवर उरकले होते!

भाजणीचे हात पदराला पुसत सौ. मागून डोकावली. "सातला गेला होय? मग उशीर होणारच की!" एवढे बोलून ती परत चकल्यांकडे वळली.

त्यानंतर मी रोज एकाच छायाचित्रकाराचे काम बघायचे ठरवले. चित्र आधी नीट बघायचे, मग मजकूर वाचायचा, आणि पुन्हा चित्राकडे यायचे. दुसऱ्या खेपेला दिसते ते पहिल्या खेपेला दिसलेले नसते.

तामिळनाडूचे एम. पलनी कुमार यांची रामनाथपुरम जिल्ह्यातली चित्रे घ्या. समुद्रात बुडी मारून शेवाळ काढणाऱ्या बायका त्यांत आहेत. प्रथम नजर जाते ती निळ्या पाण्यावर. मग बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या दिसतात आणि पाण्याची शोभा कुठल्या कुठे जाते. पलनी कुमार यांची आई मासे विकून संसार चालवी. तिचीही चित्रे त्यांनी काढली. छायाचित्रकार दयानिता सिंग यांना २०२२ साली हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. त्यानंतर 'पारी'बरोबर त्यांनी जो पुरस्कार ठेवला, त्याचे पहिले मानकरी २०२२ साली हेच पलनी कुमार ठरले.

आपल्या मुंबईचे सुधारक ओलवे यांचे कामही असेच. शहराच्या सफाई कामगारांचे जिणे त्यांनी कृष्णधवल छायाचित्रांत वर्षानुवर्षे टिपले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण कचऱ्याचा डबा पायरीवर ठेवून दार लावून घेतो; त्या पायरीपासून पुढची हकिगत ही चित्रे सांगतात. ती बघितल्यावर सकाळी दाराशी येणाऱ्या माणसाचे नावही आपल्याला ठाऊक नाही, याची लाज वाटते. मला तरी वाटली. दुसऱ्या दिवशी मी ते विचारून घेतले.

एक विनंती मात्र आहे. चित्र आवडले तर खुशाल चार जणांना दाखवा, पण छायाचित्रकाराचे नाव गाळू नका. नाव हीच त्याची कमाई.

परवा माळा आवरताना आमचे जुने अल्बम निघाले. दिवाळीच्या तीस वर्षांच्या पहाटा! उटणे लावलेली मुले, नवे सदरे, फराळाची ताटे, पाटावर बसलेले वडील. मी पाने उलटत राहिलो आणि विजयनगरमच्या त्या बायका आठवल्या. ताटे होती, रांगोळ्या होत्या, उजळलेली समई होती. हे सारे जिने केले ती तीस वर्षांत तीनदाच सापडली, तीही कडेला, अर्धी कापलेली. कॅमेरा माझ्याच हातात होता.

या नरकचतुर्दशीला मी घड्याळाला साडेतीनचा गजर लावला आहे. सौ.ला सांगितलेले नाही. गजर ऐकून ती विचारील, "अहो, आज इतक्या लवकर?" पण मला भीती आहे ती वेगळीच. मी स्वयंपाकघरात पोचेन तेव्हा तिथला दिवा आधीच लागलेला असेल.