ताक प्या, पण गोळी सोडू नका!

नाशिकहून मी पुन्हा तुमच्या कानांत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून.

सुरुवात घरापासूनच करतो. पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मामेभावाला स्किझोफ्रेनिया आहे. मी त्याला दादा म्हणतो. गोळ्या नियमित सुरू होत्या, कानात येणारे आवाज थांबले होते. मग मामीच्या मोबाईलवर एक फॉरवर्ड आला, 'हा आजार डोक्यात नाही, पोटात आहे.' मामीने गोळ्या बंद केल्या, दोन वेळा ताक सुरू केलं. काही आठवड्यांत दादाची झोप उडाली. शेजारी आपल्याबद्दलच कुजबुजतात, असं तो म्हणायला लागला.

मी मामीवर चिडलो नाही. कारण त्या फॉरवर्डमध्ये थोडं खरंही होतं.

पोट आणि मेंदू खरंच एकमेकांशी बोलतात. व्हेगस नावाचा मज्जातंतू मेंदूपासून आतड्यांपर्यंत जातो. आतड्यातले जिवाणू जी रसायनं बनवतात, त्यातली काही रक्तात जातात, रोगप्रतिकारशक्तीवर परिणाम करतात. 2019 साली चीनमधल्या संशोधकांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या विष्ठेतले जिवाणू जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडले. त्या उंदरांचं वागणं बदललं, मेंदूतल्या रसायनांचं प्रमाणही बदललं.

भारी आहे ना? पण थांबा. उंदीर म्हणजे माणूस नाही. शिवाय आजारपणातलं खाणं, सिगारेट आणि औषधं यांनीही पोटातले जिवाणू बदलतात. मग आधी काय बिघडलं, पोट की मेंदू? हे कोडं अजून सुटलेलं नाही.

आता ताकाचा मुद्दा. 2014 साली अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. 65 रुग्ण, 14 आठवडे. नेहमीची औषधं सुरूच ठेवून काहींना प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणूंची गोळी दिली, काहींना नुसतीच दिखाऊ गोळी. भास-संशयात फरक पडला नाही. पोट साफ होण्याचा त्रास मात्र कमी झाला.

हेही काही थोडं नाही बरं का! या आजारावरच्या काही औषधांनी, विशेषतः क्लोझापिनने, आतडी मंदावतात. बद्धकोष्ठता कधीकधी जिवावर बेतू शकते. म्हणून 'पोट साफ होत नाही' हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका. पोट फुगलं, खूप दुखलं, उलट्या झाल्या, तर थेट दवाखाना गाठा.

दादाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू झाल्या. हळूहळू तो सावरला. ताकही सुरू आहे, जेवणासोबत. मामी आता फॉरवर्ड आला की आधी मला विचारते.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर शासनाची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416. मराठीतही बोलता येतं. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्ण आणि कुटुंबांसाठी काम करते.

भेटू पुढच्या भागात. तोवर पोट सांभाळा, आणि माणसंही!